एबी फॉर्मच्या मागची समिती

ठाण्याहून बाळकूम नाका सोडून खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडी तालुका सुरू होतो आणि लागलीच कशेळी येतं. रस्त्यावर मेट्रो पाचचे खांब, दोन्ही अंगांना गोदामं. इथला मतदार दोन तऱ्हेच्या निवडणुका पाहतो. ग्रामपंचायतीला पॅनेलं भिडतात, पण महाराष्ट्रात ती निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कोण कुठल्या पक्षाचा हे गावाला ठाऊक असतं, मतदान यंत्रावर मात्र ते दिसत नाही. लोकसभेला सगळा खेळ चिन्हाचा. २० मे २०२४ रोजी भिवंडी मतदारसंघात मतदान झालं तेव्हा कपिल पाटील यांच्या नावापुढे कमळ होतं आणि सुरेश म्हात्रे यांच्या नावापुढे तुतारी वाजवणारा माणूस. २००९ साली सुरेश टावरे यांना इथून निवडून देणारा काँग्रेसचा ‘हात’ यंत्रावर नव्हताच, कारण आघाडीच्या वाटपात जागा शरद पवारांच्या पक्षाकडे गेली होती. म्हणजे कशेळीच्या माणसानं बोटाला शाई लावून घेण्याआधीच त्याच्यासमोरचे पर्याय ठरले होते. ते ठरवणारी मंडळी कोण, आणि त्यांना तिथं बसवलं कुणी, हे प्रश्न मतदानाइतकेच महत्त्वाचे आहेत.

गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी एक शब्द असतो: एबी फॉर्म. हे खरं तर दोन कागद आहेत. ‘ए’ कागदावर पक्षाचा पदाधिकारी कळवतो की या राज्यात उमेदवार जाहीर करण्याचा अधिकार अमुक व्यक्तीला दिला आहे. ‘बी’ कागदावर ती अधिकृत व्यक्ती उमेदवाराचं नाव लिहिते आणि त्याचा अर्ज बाद झाला तर कोण, तेही लिहिते. दोन्हींवर शाईनं सही हवी. रबरी शिक्का किंवा छापील सही चालत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती पडले नाहीत, तर वर्षानुवर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ताही अपक्ष ठरतो. त्या सहीला बळ येतं ते पक्षाच्या वरच्या समितीकडून.

भाजपचं उदाहरण घेऊ. बूथ, मंडल, जिल्हा, प्रदेश अशी शिडी चढत गेलं की राष्ट्रीय कार्यकारिणी येते. पक्षाच्या घटनेप्रमाणे तिच्यात जास्तीत जास्त १२० सदस्य असतात आणि त्यांना अध्यक्ष नेमतो. पण तिकिटं ही कार्यकारिणी वाटत नाही. त्यासाठी संसदीय मंडळ आणि त्याला आणखी काही नावं जोडून झालेली केंद्रीय निवडणूक समिती आहे. १७ ऑगस्ट २०२२ रोजी या दोन्हींची फेररचना झाली, तेव्हा पक्षाचे माजी अध्यक्ष असलेले नितीन गडकरी संसदीय मंडळातून बाहेर पडले आणि देवेंद्र फडणवीस निवडणूक समितीत आले. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांनी याची मोठी बातमी केली, ती योग्यच होती. मार्च २०२४ मध्ये पक्षानं लोकसभेची दुसरी यादी काढली, तिच्यात महाराष्ट्राची वीस नावं होती. भिवंडीचं त्यांतलंच एक.

अशा समितीची पहिली नीट बांधणी मराठी मुलखातच झाली. १८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत ७२ प्रतिनिधींनी सुरू केलेली काँग्रेस पुढची पस्तीस वर्षं मुख्यतः डिसेंबरातल्या अधिवेशनापुरती जागी असायची. वर्षभर रोजचा कारभार हाकणारं यंत्र तिच्याकडे नव्हतं. गांधींना लढा उभारायचा होता आणि लढ्याला रोज निर्णय घेणारं कुणीतरी लागतं. नव्या घटनेचा मसुदा करण्याचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा लोकमान्य टिळकांच्या वतीनं ‘केसरी’चे न. चिं. केळकर सोबतीला होते. मसुदा डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मंजूर झाला. टिळक त्याआधीच, १ ऑगस्टला गेले होते.

नागपूरच्या घटनेनं चार आण्यांत सभासदत्व दिलं, भाषेप्रमाणे प्रांत पाडले, अखिल भारतीय समिती साडेतीनशेंची केली आणि तिच्या वर पंधरा जणांची कार्यकारी समिती बसवली. रचनेची दिशा स्पष्ट होती: गावातून तालुक्यात, तालुक्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून प्रांतात, आणि टोकाला पंधरा माणसं. ही समिती किती मोलाची होती हे इंग्रजांना नेमकं कळलं होतं. जुलै १९४२ मध्ये तिनं वर्ध्याला ठराव केला, ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर अखिल भारतीय समितीनं ‘छोडो भारत’वर शिक्कामोर्तब केलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच धरपकड झाली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव अशी जवळजवळ सगळी कार्यकारिणी अहमदनगरच्या किल्ल्यात कोंडली गेली. देशभर हजारो कार्यकर्ते पकडले गेले. या मंडळींना मात्र एका जागी, बाकीच्यांपासून तोडून ठेवलं.

त्याआधी १९३९ साली या समितीची दुसरी बाजू दिसली होती. सुभाषचंद्र बोस निवडणूक लढवून अध्यक्ष झाले, पण त्रिपुरीच्या अधिवेशनात ठराव आला की कार्यकारिणी गांधींच्या इच्छेनुसार नेमावी. ती नेमणूक जमली नाही आणि एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. प्रतिनिधींच्या मतांनी निवडलेला अध्यक्ष समितीविना पंगू ठरला.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या घटनेत कार्यकारिणीचे काही सदस्य निवडून आणि उरलेले अध्यक्षानं नेमून, अशी वाटणी झाली. कागदावर ती चांगली होती. प्रत्यक्षात १९९२ ला तिरुपतीत निवडणूक झाली, शरद पवार आणि अर्जुनसिंह निवडून आले. पण निवडून आलेल्यांत दलित, आदिवासी किंवा स्त्री एकही नाही, असं कारण देऊन पक्षाध्यक्ष नरसिंह रावांनी सगळ्यांचे राजीनामे घेतले आणि समिती नव्यानं नेमली. कारण खोटं नव्हतं. पण राव यांना आव्हान देऊ शकणारे नेते त्यानंतर निवडून आलेले उरले नाहीत, नेमलेले झाले, आणि नेमलेल्या माणसाचा आवाज वेगळा लागतो. पुढची निवडणूक १९९७ ला कोलकात्यात झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये रायपूरला समिती ३५ जणांची करण्याचं ठरलं, निम्म्या जागा दलित, आदिवासी, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला आणि तरुणांना राखल्या गेल्या, ही मोठी सुधारणा. मात्र सगळी नावं अध्यक्षानंच ठरवावीत, हेही तिथंच ठरलं. स्वतः अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे मात्र रीतसर मतदानातून आले होते: ७,८९७ विरुद्ध शशी थरूर यांची १,०७२ मतं.

पक्षात निवडणूक झाली नाही म्हणून बाहेरच्या मतदाराचं काय बिघडतं? महाराष्ट्राला याचं उत्तर फार महागात मिळालं. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी फुटीनंतर शिवसेना कुणाची याचा निकाल देताना निवडणूक आयोगानं पक्षाच्या २०१८ च्या घटनाबदलावर बोट ठेवलं: पदाधिकारी निवडण्याऐवजी नेमण्याची जुनी पद्धत परत आणली गेली होती. अशा संघटनेतलं बहुमत मोजायचं कसं? मग आयोगानं आमदार-खासदार मोजले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीच्या बाबतीतही अखेर विधिमंडळातलं संख्याबळच कामाला आलं आणि घड्याळ हे चिन्ह अजित पवारांकडे गेलं. ज्या कार्यकर्त्यानं सभासद नोंदणीची पावती फाडली, त्याचं मत या हिशेबात कुठंच धरलं गेलं नाही. तालुक्यापासून वरपर्यंत खऱ्या निवडणुका झालेल्या असत्या, त्यांच्या नोंदी असत्या, तर संघटनेचा कौल मोजायला काहीतरी हाती असतं.

‘केंद्रीय कमिटी’ हा शब्द शब्दशः वापरणारे पक्ष डावे. ठाणे जिल्ह्याला ते नवे नाहीत. याच जिल्ह्यात टिटवाळ्याला जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्राची किसान सभा उभी राहिली आणि गोदावरी व शामराव परुळेकरांनी वारली आदिवासींना तिच्यात आणलं. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात शाखा, तालुका, जिल्हा, राज्य अशी अधिवेशनं होत होत तीन वर्षांनी अखिल भारतीय अधिवेशन भरतं. ते केंद्रीय कमिटी निवडतं, कमिटी पॉलिट ब्युरो आणि सरचिटणीस निवडते. यात एक मेख आहे: नव्या कमिटीची यादी मावळती कमिटीच मांडते, आणि बहुतेक वेळा ती एकमतानं मंजूर होते. वरच्यांनीच वरच्यांची नावं सुचवायची, ही पद्धत नेमणुकीच्या फार जवळ जाते. तरीही घटनेनं एक दार उघडं ठेवलंय. प्रतिनिधी यादीबाहेरचं नाव सुचवू शकतो, आणि मग गुप्त मतदान घ्यावंच लागतं. एप्रिल २०२५ मध्ये मदुराईच्या अधिवेशनात महाराष्ट्रातले कामगार नेते डी. एल. कराड यांनी ते दार वापरलं. त्यांना ३१ मतं पडली आणि अधिकृत यादीतले सगळे निवडून आले. हरल्यावरही कराडांनी उघडपणे सांगितलं की आपण लढलो ते हा लोकशाही हक्क बजावण्यासाठी.