विश्लेषण : घरातल्या घरात सायकल शर्यत कशी रंगते? जुन्या ‘रेसर’ सायकलला पुन्हा भाव का?

रस्त्यावरचे खड्डे, चार महिन्यांचा पाऊस आणि सकाळच्या लोकलची घाई यामुळे मुंबई महानगर परिसरातील अनेक हौशी सायकलपटू आता घरातच शर्यत लावू लागले आहेत. पडद्यावरच्या या शर्यतीत कार्बनची महागडी सायकल एका टिचकीसरशी मिळते. त्याच वेळी माळ्यावर पडलेल्या जुन्या, लोखंडी ‘रेसर’ सायकलींची आठवणही याच मंडळींमध्ये जोर धरते आहे. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही हौशींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. सायकल बाजूला ठेवली तर दोघांत जास्त दमदार कोण?

आभासी सायकल शर्यत म्हणजे काय?

आपलीच सायकल ‘स्मार्ट ट्रेनर’ नावाच्या उपकरणावर घट्ट बसवायची. काही ट्रेनरमध्ये मागचे चाक काढून चेन थेट उपकरणावर चढवतात, तर काहींमध्ये मागचे चाक एका रोलरवर टेकते. पायडलवर किती शक्ती लागते आहे, हे उपकरण वॉटमध्ये मोजते आणि ब्लूटूथने मोबाइल, टॅब किंवा संगणकाला कळवते. पडद्यावर चढ आला की ट्रेनरचा विद्युतचुंबकीय ब्रेक आवळतो आणि पायडल जड होते, उतारावर ते हलके होते. या क्षेत्रात सर्वाधिक परिचित नाव ‘झ्विफ्ट’. त्याची चाचणी आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि वर्षभराने सशुल्क सेवा सुरू झाली. २०२४ पासून तिचे शुल्क महिन्याला १९.९९ डॉलर आहे. संयुक्त अरब अमिरातीतील ‘मायवूश’ ही सेवा मात्र मोफत आहे. मित्रांपुरती खासगी शर्यत ठरवण्याचीही सोय झ्विफ्टवर आहे. ‘सगळे एकत्र’ हा पर्याय निवडला तर कमी दमाचा मित्रही घोळक्यातून मागे पडत नाही.

कोपर-डोंबिवलीच्या सायकलपटूंना ती सोयीची का वाटते?

दिवा आणि डोंबिवलीच्या मधले कोपर हे गर्दीच्या उपनगरी पट्ट्यातले स्थानक. मुख्य मार्गाच्या डोक्यावरून वसई-दिवा मार्ग जातो, त्याचा थांबा म्हणजे अप्पर कोपर. या भागात दाट वस्ती, अरुंद रस्ते आणि पूर्व-पश्चिम ये-जा करायला मोजके पूल अशी परिस्थिती आहे. कोपर पूल धोकादायक ठरल्याने सप्टेंबर २०१९ मध्ये वाहतुकीसाठी बंद झाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा खुला झाला. मधल्या काळात वाहनांचा भार ठाकुर्लीच्या पुलाकडे वळला. करोनाची टाळेबंदी आणि त्यामुळे जगभर घरातल्या सायकलिंगला आलेले उधाण हेही याच काळातले. एरवी जोरात सायकल चालवायची तर पहाटे निघून मलंगगड, खोणी किंवा बदलापूरचा रस्ता धरावा लागतो. तिथेही डम्पर, मालमोटारी आणि पावसाळ्यातील खड्डे आहेतच. आठवड्यातून पाच दिवस लोकल गाठणाऱ्याला रात्री साडेनऊला घरात तासभर शर्यत हा त्यापेक्षा सोपा मार्ग वाटतो. अर्थात, खर्च कमी नाही. चांगल्या ट्रेनरची किंमत एखाद्या बऱ्या रोड सायकलइतकी असते. शिवाय आपल्या दमट हवेत मोठा पंखा अत्यावश्यक ठरतो. समोरून वारा नसेल तर घाम वाळत नाही, शरीर तापते आणि शक्ती झपाट्याने घटते.

पडद्यावरचा वेग कशावर ठरतो?

चढावर सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे दर किलो वजनामागे किती वॉट. ६० किलोचा सायकलपटू १८० वॉट काढत असेल आणि ८० किलोचा २४० वॉट, तर दोघांचाही आकडा ३ येतो. चढावर ते जवळपास बरोबरीने जातील. सपाटीवर मात्र खरा विरोध वाऱ्याचा असतो. तिथे एकूण शक्ती जास्त असलेला ८० किलोचा गडी पुढे निघेल. दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवण्याचा फायदाही आज्ञावलीत धरलेला असतो, त्यामुळे घोळक्यातून कधी सुटायचे ही चाल पडद्यावरही लागते. झ्विफ्टवर प्रदीर्घ काळ याच आकड्यावरून अ, ब, क, ड असे गट पडत. आता शर्यतींतील कामगिरीवर आधारित गुणही वापरले जातात.

मग वजन खोटे सांगितले तर?

या खेळाची सर्वांत कच्ची बाजू हीच. ८० किलोच्या सायकलपटूने ७५ किलो अशी नोंद केली, की त्याच २४० वॉटवर त्याचा आकडा ३ वरून ३.२ होतो. घाम तेवढाच, पण चढावर तो मित्राला मागे टाकतो. ट्रेनरच्या अचूकतेतही फरक असतो. पाच टक्क्यांची चूक म्हणजे २०० वॉटवर १० वॉट. त्यामुळे वरच्या पातळीवरील शर्यतींत वजनकाट्यावर उभे राहतानाची चित्रफीत आणि दोन वेगवेगळ्या उपकरणांनी मोजलेली शक्ती असे पुरावे मागितले जातात. फसवणुकीचे गाजलेले प्रकरण ब्रिटनमधले आहे. २०१९ मध्ये कॅमरन जेफर्सने तिथले पहिले राष्ट्रीय ई-शर्यत विजेतेपद जिंकले. झ्विफ्टवरील सर्वांत वेगवान सायकलींपैकी एक मिळवण्यासाठी एकूण ५० हजार मीटरची चढाई करावी लागते. त्याने ती स्वतः पायडल न मारता संगणकीय प्रणालीच्या मदतीने जमा केली होती, असे निष्पन्न झाले. ब्रिटिश सायकलिंगने त्याचे विजेतेपद काढून घेतले, २५० पौंड दंड केला आणि सहा महिन्यांची बंदी घातली. मित्रांच्या शर्यतीत असा पंच नसतो. तिथे एकमेकांच्या शब्दावरच भिस्त असते. त्यामुळे वजनावरून चालणारी थट्टामस्करी हीच तिथली तपासणी.

ही शर्यत खरी मानली जाते का?

होय. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने (यूसीआय) ९ डिसेंबर २०२० रोजी पहिली ई-सायकलिंग जागतिक स्पर्धा घेतली. पुरुषांत जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न, तर महिलांत दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली मूलमन-पासिओ विजेती ठरली. ऑस्बोर्न मुळात नौकानयनपटू. पुढच्याच वर्षी त्याने टोक्यो ऑलिम्पिकमध्ये नौकानयनात रौप्यपदक मिळवले. ऑस्ट्रेलियाच्या जे व्हाइनने झ्विफ्टच्या निवड स्पर्धेतून व्यावसायिक संघात जागा मिळवली आणि २०२२ मध्ये स्पेनच्या ‘व्हुएल्टा’ शर्यतीचे दोन टप्पे जिंकले. म्हणजे घरात कमावलेली ताकद रस्त्यावरही उपयोगी पडते. मात्र वळणावर सायकल झुकवणे, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावणे, घोळक्यात कोपराला कोपर घासत तोल सांभाळणे या गोष्टी ट्रेनर शिकवत नाही.

जुन्या ‘रेसर’चे आकर्षण कशात आहे?

मडगार्ड-कॅरिअर नाही, खाली वळलेले हँडल, बारीक टायर, पायाला पट्ट्याने धरून ठेवणारे पायडल आणि फ्रेमच्या तिरक्या नळीवर गिअरचे दोन खटके ही जुन्या रेसरची ओळख. आयातीवर निर्बंध असण्याच्या काळात परदेशी रेसर मिळणे दुर्मीळ होते. त्यामुळे घरच्या काळ्या सायकलचे मडगार्ड आणि कॅरिअर काढून, हँडल उलटे बसवून तिची ‘रेसर’ करण्याची हौस अनेकांनी भागवली. परदेशी सायकलींत ‘रेनॉल्ड्स ५३१’ या पोलादी नळ्यांचा दबदबा होता. १९३५ मध्ये आलेल्या या नळ्या मध्ये पातळ आणि जोडाच्या टोकांना जाड असत. त्यामुळे वजन कमी होई आणि मजबुतीही टिकत असे. गिअर बदलण्यासाठी हँडलवरचा हात काढून खाली न्यावा लागे. शेजारच्याचा हात खाली गेला, की तो आता सुटणार हे ओळखता येई. आज पडद्यावर प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढचा वॉटचा आकडा एकदम वाढला की तोच इशारा मिळतो. जुन्या सायकली जवळून पाहायच्या तर पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांचे खासगी सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांसाठी बनलेली घडीची बीएसए सायकलही त्यात आहे.

यंत्र किती आणि माणूस किती?

याचे बोलके उत्तर ‘एका तासात किती किलोमीटर’ या विक्रमात सापडते. बेल्जियमच्या एडी मर्क्सने २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत ४९.४३१ किमी अंतर कापले. ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये आधुनिक सायकलवर आणि हात लांब पुढे ताणलेल्या बैठकीत ५६.३७५ किमीचा पल्ला गाठला. पुढे यूसीआयने मर्क्सच्या काळासारखीच सायकल वापरण्याची अट घातली. त्या अटीनुसार २००० मध्ये बोर्डमनला ४९.४४१ किमी जमले. म्हणजे तो मर्क्सच्या पुढे गेला तो फक्त १० मीटरने. सायकलपटू तोच असूनही सुमारे सात किलोमीटरचा फरक पडला. चार वर्षांनी वाढलेले वय जमेस धरले तरी त्यातला मोठा वाटा यंत्राचा आणि बैठकीचा होता.

हौशी सायकलपटूंच्या बाबतीत वजनाचा फरक वाटतो तेवढा मोठा नाही. ७० किलोचा माणूस १० किलोच्या जुन्या रेसरवर आणि सात किलोच्या कार्बन सायकलवर बसला, तर एकूण वजनात जेमतेम चार टक्क्यांची तफावत पडते. तासाभराच्या सलग चढावर ती साधारण सव्वादोन मिनिटे. सपाटीवर वजनापेक्षा वाऱ्याचाच हिशोब मोठा.

सगळ्यांना एकाच प्रकारच्या सायकलवर आणले तर दम कोणाचा हे कळते, ही कल्पना त्यामुळेच लोकप्रिय झाली. इटलीत १९९७ पासून होणाऱ्या ‘लेरोइका’ उपक्रमात १९८७ पूर्वीच्या बनावटीची, फ्रेमवर गिअरचे खटके असलेली सायकल लागते. झ्विफ्टवरही साधी पोलादी सायकल निवडता येते. ‘बफेलो’ नावाची जड, कॅरिअरवाली सायकलही तिथे आहे. आफ्रिकेतील गावांसाठी सायकली पुरवणाऱ्या संस्थेच्या खऱ्या सायकलवरून ती घेतली आहे. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या सायकलची ती चुलत बहीणच! तिच्यावर गमतीने शर्यत लावणारे मित्र नकळत जुन्या काळातली अटच पाळत असतात.

जुनी रेसर ट्रेनरवर बसवता येते का?

येते, पण आधी माप घ्यावे लागते. पाच गिअरच्या जुन्या रेसरमध्ये मागच्या चाकासाठी साधारण १२० मिमी, तर सहा-सात गिअरच्या रेसरमध्ये १२६ मिमी जागा असते. चाक काढून बसवायच्या ट्रेनरला किमान १३० मिमी लागते. पोलादी फ्रेम जाणकार कारागिराकडून थोडी फाकवून घेता येते. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या बाबतीत असा प्रयोग करू नये. जुने फ्रीव्हील आटे फिरवून बसते, ते नव्या ट्रेनरवर चालत नाही. चेनचेही जुळवून घ्यावे लागते. त्यापेक्षा चाक रोलरवर टेकवणारा ट्रेनर सोपा, मात्र चाकाचा आकार त्यात बसतो का हे आधी पाहावे. जुन्या सायकलचा मोठा शत्रू घामातले मीठ. फ्रेमवर टॉवेल टाकणे आणि शर्यतीनंतर ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसणे ही सवय लावली नाही, तर बोल्ट आणि हँडलचा कणा गंजतो.

रस्त्यावरच्या शर्यतीला हा पर्याय ठरेल का?

महाराष्ट्राच्या सायकल शर्यतींचा इतिहास रस्त्यावर घडला आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब आजही सायकलपटूंच्या तोंडी असतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. तिच्यासाठी मार्गावरील रस्त्यांची कामे हाती घेण्यात आली. मनावर घेतले तर रस्ते सुधारता येतात, हे त्यातून दिसले. कोपर-डोंबिवलीच्या सायकलपटूची गरज त्याहून साधी आहे. रविवारी सकाळी दोन तास निर्धास्त सायकल चालवता येईल असा दहा-पंधरा किलोमीटरचा सलग रस्ता त्याला हवा आहे. तो मिळेपर्यंत मित्रांची चुरस पडद्यावर जिवंत राहील. सरावासाठी ती पुरेशी आहे, पण ज्याच्या घरात ट्रेनर आणि सायकल ठेवायला जागा व पैसा आहे त्याच्यापुरतीच. वहाण्याची जुनी सायकल घेऊन शर्यतीला उभ्या राहणाऱ्या पोराला संधी रस्त्यावरच मिळते. जुन्या रेसरच्या आठवणींत रमणाऱ्या पिढीने ही बाब महापालिकेपुढे मांडली, तर त्या आठवणींचा पुढच्या पिढीलाही उपयोग होईल.