माशांची पेटी आणि खोलीतील दमटपणा

मे महिन्यात नागपूरच्या नंदनवन वस्तीतील एखाद्या घरी माशांची काचेची पेटी काठोकाठ भरून ठेवली, तर दोन-चार दिवसांतच पाणी खाली गेलेले दिसते. पेटी गळत नसते. पाण्याची वाफ होऊन ती खोलीच्या हवेत मिसळलेली असते. हवेतील या वाफेला आर्द्रता म्हणतात. ती वाढली की हवा दमट होते. तुम्ही घरी ‘नमी’ म्हणता, ती हीच.

याचा हिशेब सोपा आहे. पेटी ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद असेल आणि पाणी एक सेंटिमीटर उतरले, तर १८०० घन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन लिटर पाणी हवेत गेले!

उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. हवा इतकी कोरडी असते, की ही वाफ जाणवतही नाही. म्हणून तर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तेव्हा छान गारवा देतो. पण पाणी उडाले, तरी त्यातील क्षार पेटीतच राहतात. नुसती भर घालत गेल्यास क्षार वाढतात व माशांना त्रास होतो. म्हणून दर आठवड्याला थोडे जुने पाणी काढून टाकावे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन निघून जाते. मग ते पेटीत घालावे.

जूनमध्ये पाऊस येतो आणि सगळे उलटते. हवेत आधीच भरपूर वाफ, त्यात पेटीची भर! भिंतीचा रंग फुगतो, पुस्तकांवर बुरशी येते, दम्याच्या रोग्याला त्रास होतो. अशा दिवसांत कूलरमध्ये पाणी घालू नये, नुसता पंखा चालवावा. पेटीवर काचेचे झाकण ठेवावे. हवेसाठी थोडी फट असू द्यावी. पेटी व भिंत यांत चार बोटे जागा सोडावी. ऊन पडले की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. झड लागलेली असेल, तर बाहेरची हवाच ओली असते. खिडकी उघडून फारसे साधत नाही. तेव्हा झाकणाचाच खरा उपयोग.

सर्वांत मोठा धोका विजेचा आहे. पंपाच्या वायरीवरून ओघळणारे थेंब बटणापर्यंत जाऊ शकतात. वायर बटणाच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवली, की थेंब तेथूनच खाली गळतात. पेटीत हात घालण्यापूर्वी बटण बंद करून कोरड्या हाताने प्लग काढावा. हे काम घरातील मोठ्या माणसांसमोरच करावे.