पोचपावतीचे मोल

मराठवाड्यातील अनेक घरांतील मुले आज अमेरिकेत स्थायिक आहेत. तेथील कायम वास्तव्याचे ‘ग्रीन कार्ड’ सामान्यतः दर दहा वर्षांनी नव्याने घ्यावे लागते. कार्डाची मुदत संपली म्हणून वास्तव्याचा हक्क संपत नाही. परंतु चालू कार्डाअभावी नोकरी व प्रवास अडतात. नूतनीकरणास विलंब होऊ लागला, तेव्हा तेथील शासनाने अर्जाच्या पोचपावतीवरच जुन्या कार्डाची मुदत वाढविली : २०२२ साली २४ महिने, २०२४ साली ३६ महिने. दिरंगाई उरली, पण तिचा भुर्दंड बराचसा टळला.

रेणापूरच्या विद्यार्थ्यालाही नॉन-क्रिमीलेयर दाखला मुदत संपताच पुन्हा काढावा लागतो. प्रवेशाच्या वेळी पावती कधी तात्पुरती चालते; ठरल्या तारखेस दाखला न आल्यास मात्र राखीव जागा हातची जाते. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात कालमर्यादा, अपील व कसूरदार अधिकाऱ्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु दंडाने गेलेली जागा परत मिळत नाही.

म्हणून वेळेत केलेल्या अर्जाची पावती निर्णय होईपर्यंत ग्राह्य धरावी. अर्जदार अपात्र ठरल्यास प्रवेश रद्द करता येईल. कचेरीच्या उशिरापायी पात्र विद्यार्थ्याचे वर्ष मात्र वाया जाऊ नये.