निगेटिव्हवर रंगवलेले ढग

नंदी हिल्सची सहल झाली की घरोघरी फोटो दाखवण्याचा कार्यक्रम होतो. डोंगर, धुके, सूर्योदय सगळे त्यात असते, तरी पाहणाऱ्याचे मन जागचे हलत नाही. उलट एखाद्या फोटोत नुसती ओसाड वाट आणि एक झाड असते, पण नजर तिथून निघत नाही. हा भाव चित्रात येतो कुठून?

बंगळूरमध्येच सुमारे १७० वर्षांपूर्वी घडलेली एक हकिकत इथे उपयोगी पडेल. लिनियस ट्राइप हा मद्रास लष्करातला कॅप्टन. १८५५ साली ब्रह्मदेशाच्या राजाकडे ब्रिटिश शिष्टमंडळ गेले, त्यात तो छायाचित्रकार होता. काम रुक्ष, सरकारी नोंदीचे. मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर त्याने दोनशेहून अधिक दृश्ये टिपली आणि बंगळूरला परतल्यावर त्यांतल्या १२० चित्रांचे ५० संच तयार केले. म्हणजे सहा हजार प्रती!

अडचण होती आकाशाची. त्या काळची रसायने निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत. जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफट्ट होऊन जाई. मग ट्राइपने कुंचला घेतला आणि निगेटिव्हवर चक्क ढग रंगवले! रंग चढेल तिथे प्रकाश अडतो आणि छापताना तेवढा भाग उजळ राहतो.

ही फसवणूक म्हणायची का? त्या दिवशीच्या हवामानाचा पुरावा म्हणून हे ढग बाद. पण कोरे आकाशही खरे नव्हतेच, ती रसायनाची मर्यादा होती. आज मोबाइलवर बोट फिरवून आकाश बदलणाऱ्यांपेक्षा मला ट्राइप अधिक प्रामाणिक वाटतो. त्याने दृश्याला भार दिला, नटवले नाही.

मात्र चित्रातला सगळाच भाव छायाचित्रकाराने घातलेला नसतो. अशा जुन्या चित्रांतले रस्ते निर्मनुष्य दिसतात आणि आपल्याला उदास वाटते. खरे कारण बरेचदा साधे असते. निगेटिव्हला फार वेळ प्रकाश द्यावा लागे, तेवढ्या वेळात चालती माणसे उमटतच नसत.

काही भाव तर आपणच घेऊन जातो. ट्राइपने टिपलेली अमरापूर ही तेव्हाची राजधानी. १८५७ साली मिंडोन राजाने जवळच नवी राजधानी वसवायला घेतली, ती लोकमान्यांच्या कारावासामुळे आपल्या परिचयाची झालेली मंडाले. हे ठाऊक असले की अमरापूरच्या शांत वाटा पाहताना गलबलून येते. चित्र काढताना ट्राइपला यातले काय ठाऊक असणार?

पुढे तो मद्रास सरकारचा छायाचित्रकार झाला. पण १८५९ साली गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी हा खर्च चैनीचा ठरवून काम थांबवले. त्यानंतर ट्राइपने कॅमेरा जवळजवळ सोडूनच दिला.