बाळाचं क्रोशाचं दुपटं: विणायचं कसं, वापरायचं कसं

डिसेंबरातली पहाट होती. मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात रात्रपाळीला होते. मोटारसायकलवर मागे बसून एक आजी नऊ दिवसांचं लेकरू घेऊन आल्या. बाळाची आई मागून रिक्षाने येत होती. लेकरू तीन पांघरुणांत गुंडाळलेलं. आत टर्किशचा टॉवेल, त्यावर क्रोशाचं जाळीचं सुंदर दुपटं, वरून सोलापुरी चादर. आजी रडकुंडीला आलेल्या. "सिस्टर, तीन-तीन पांघरुणं घातली हो, तरी लेकरू गार कसं? दूधपण ओढीना."

सोडून पाहिलं तर पोट गार, तळपाय त्याहून गार आणि सगळ्यात आत लंगोट ओलाचिंब. थर्मामीटरने ९४ फॅरनहाइट दाखवलं. लंगोट काढला, अंग कोरडं केलं, डोक्याला टोपरं घातलं. आई आल्याबरोबर तिच्या उघड्या छातीवर बाळाला पोटावर निजवलं आणि वरून दोघांना मिळून पांघरलं, त्यात तेच दुपटंही होतं. डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली, बाकीचे उपचार सुरू केले. दोन-अडीच तासांनी बाळाने तोंड वळवून आईचं दूध शोधायला सुरुवात केली, तेव्हा आजींनी पहिल्यांदा चहा घेतला.

मी आजींना समजावलं ते इथे पुन्हा सांगते. दुपटं ऊब तयार करत नाही. जी ऊब आत आहे तेवढी ते धरून ठेवतं. आत गरम बाळ असेल तर ते गरम राहतं, आत गार आणि ओलं बाळ असेल तर गारच राहतं. मोठ्या माणसाला थंडी वाजली की अंग थरथरतं आणि त्यातून उष्णता तयार होते. नवजात बाळाला तसं नीट थरथरता येत नाही. त्याच्या अंगावर चरबी कमी, डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि कातडी पातळ, म्हणून ते आपल्यापेक्षा फार लवकर गार पडतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर आणखीच लवकर.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे घोडेगावला आमच्या वस्तीत सध्या क्रोशाचं वेड आलं आहे. मोबाईलवर बघून पोरी शिकतात, मग त्यांच्या आया शिकतात. घरात बाळ यायचं असलं की दुपटं विणायला घेतात. हाताला काम, मनाला विसावा आणि बाळाला स्वतःच्या हातची वस्तू, मला यात आनंदच आहे. पण विणतात काय, तर फुलाफुलांची, मोठ्या भोकांची नक्षी. कांदा मार्केटला कामाला जाणाऱ्या बायकांना मी एकच विचारते, कांद्याची गोणी जाळीची का असते गं? उत्तर त्यांना पाठ असतं, आत वारा खेळावा म्हणून. मग बाळाला जाळीत गुंडाळून कसं चालेल? शिवाय भोकात बाळाचं बोट अडकतं. नक्षीचं दुपटं फोटोसाठी ठेवा. थंडीसाठी विणायचं ते दाट, भोकं नसलेलं आणि उंचसखल दाण्याचं. दाण्यांच्या मधल्या खळग्यांत हवा अडकून बसते आणि ती अडकलेली हवाच ऊब राखते. गोधडी उबदार असते तीही याच कारणाने, जुन्या लुगड्यांच्या थरांत हवा साठलेली असते.

असा दाणेदार पोत विणायला फक्त दोन टाके लागतात, मुका खांब आणि खांब. सामान थोडकं आहे. ५ मिलिमीटर जाडीची क्रोशाची सुई, मध्यम जाडीची मऊ लोकर, कात्री आणि टोकं लपवायला मोठ्या नेढ्याची सुई. दुकानात बेबी वूल म्हणून मिळते ती लोकर पातळ असते, तिचे दोन पदर एकत्र घ्या. लोकर विकत घेण्याआधी गालावर घासून बघा. गालाला टोचली तर बाळालाही टोचणार. केसाळ, तंतू सुटणारी लोकर नको, तंतू बाळाच्या नाकातोंडात जातात. पाऊण मीटर रुंद आणि त्याहून थोडं लांब दुपटं करायला साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम लोकर धरा. सगळी एकदमच आणा, कारण नंतर तोच रंग तसाच मिळत नाही.

आधी वीस टाक्यांचा छोटा तुकडा विणून पट्टीने मोजा. प्रत्येकीचा हात वेगळा, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. वीस टाक्यांत १५ सेंटिमीटर भरलं तर शंभर टाक्यांत ७५ सेंटिमीटर भरणार. तुमच्या हाताप्रमाणे आकडा कमी-जास्त करा, मात्र तो सम हवा. हा तुकडा फुकट जात नाही, पुढे धुऊन बघायला कामाला येतो.

शंभर टाक्यांसाठी १०१ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून लोकर ओढून घ्यायची, सुईवर दोन फासे झाले की पुन्हा लोकर घेऊन दोन्हींतून एकदम काढायची. पुढच्या साखळीत खांब. त्यासाठी आधी सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यायचा, मग सुई टाक्यात घालून लोकर ओढायची. आता सुईवर तीन फासे आहेत. लोकर घेऊन दोनांतून काढा, परत लोकर घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. असं एक मुका खांब, एक खांब करत ओळ संपवा. शेवटचा टाका खांबच आला पाहिजे. नाही आला तर कुठेतरी एक टाका चुकला आहे.

आता काम उलटवा, एक साखळी घाला आणि ती टाक्यांत मोजू नका. पहिल्याच टाक्यात, म्हणजे खाली जिथे खांब आहे तिथे, मुका खांब घाला. पुढे खाली मुका खांब दिसेल, त्यावर खांब. उंचावर बुटका आणि बुटक्यावर उंच, एवढंच ध्यानात ठेवायचं. प्रत्येक ओळ मुक्या खांबाने सुरू होते आणि खांबाने संपते, त्यामुळे वेगळी आकडेमोड नाही. चार-पाच ओळींनंतर दाणे उठून दिसायला लागतात आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. दुपट्याला उलट-सुलट बाजू राहत नाही, ही माझी आवडती गोष्ट, कारण रात्री अंधारात बाळाला गुंडाळताना कोण बाजू बघत बसतं?

नवीन शिकणारीची एक चूक ठरलेली. ओळीच्या टोकाचा शेवटचा टाका सुटतो आणि आठवडाभराने दुपट्याची पतंगासारखी तिरकी आकृती होते. पहिल्या दहा ओळी प्रत्येक वेळी शंभर मोजाच. ऐंशीच्या आसपास ओळी झाल्या की मनाजोगती लांबी भरते. रोज दोन ओळी घातल्या तरी दीड महिन्यात काम संपतं. आमच्याकडे वर्षावासात विहारात ग्रंथवाचन असतं. ते संपल्यावर बायका अर्धा तास थांबून विणतात (वाचन चालू असताना सुई पिशवीत, हा आमच्यातल्या एका आजींचा नियम आहे). आषाढी पौर्णिमेला धरलेलं दुपटं अश्विन पौर्णिमेच्या कितीतरी आधी तयार असतं आणि थंडी तर त्यानंतर पडते. शेवटी चारही बाजूंनी मुक्या खांबाची एक ओळ फिरवा, कोपऱ्यात तीन टाके एकाच जागी घाला म्हणजे कोपरा आवळणार नाही. झालर, मणी, रिबीन, गोंडे काही लावू नका. बाळ ते ओढतं, तोंडात घालतं.

टोकं लपवण्याचं काम मात्र उरकू नका. लोकरीचं प्रत्येक टोक सुईने चार बोटं आत आणि मग उलट दिशेने परत तेवढंच ओवा. हे मी शिवणकामाच्या नीटनेटकेपणासाठी सांगत नाही. सुटलेला धागा किंवा आईच्या डोक्याचा एखादा केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो आणि आवळतो. बोट सुजतं, लालनिळं पडतं आणि रक्तपुरवठाच थांबू शकतो. दूध पाजलं, लंगोट बदलला, तरी बाळ कळवळून रडतंच आहे, असं झालं तर आधी हातापायांची सगळी बोटं उघडून बघा. धागा रुतलेला दिसला आणि सहज निघाला नाही तर लगेच दवाखाना.

आता वापर. लोकरीचं दुपटं थेट अंगाला लावू नये. बाजारातली बहुतेक लोकर ॲक्रिलिकची असते आणि ती घाम, ओल शोषून घेत नाही. आत जुन्या सुती लुगड्याचा किंवा धोतराचा मऊ, धुतलेला कपडा, बाहेरून दुपटं. डोक्याला टोपरं, पायांत मोजे. काखेपासून खाली गुंडाळा, तोंड-नाक पूर्ण उघडं ठेवा, पाय मात्र आवळून सरळ बांधू नका. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले असतात, तसेच राहू द्यावेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो. झोपलेल्या बाळावर दुपटं मोकळं टाकून निघून जाऊ नका, ते सरकून तोंडावर येतं. दर दूध पाजण्याच्या वेळी आत हात घालून लंगोट बघा. त्या पहाटेच्या बाळाचं सगळं त्या एका ओल्या लंगोटामुळे झालं होतं.

बाळ गरम आहे का, हे हाताच्या मागच्या बाजूने तपासता येतं. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट पण पाय गार, म्हणजे बाळाला थंडी बाधायला लागली. दोन्ही गार, म्हणजे धोका. काखेत थर्मामीटर लावला तर ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट हे बरोबर. पाय गार लागले की आणखी पांघरुणं चढवू नका. कपडे काढून बाळाला आईच्या छातीला कातडीला कातडी लावून घ्या आणि मग दोघांवर दुपटं टाका. आई आजारी असेल तर बाप, आजी, मावशी कुणीही चालतं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली काचपेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत सुरू केली. आज ती जगभर वापरतात, आपल्याकडे तिला कांगारू पद्धत म्हणतात. तासाभरात बाळ गरम झालं नाही, दूध ओढत नाही, मलूल आहे, मिनिटाला साठच्या वर श्वास घेत आहे किंवा छाती आत ओढली जाते, यातलं काहीही दिसलं तर १०८ किंवा १०२ ला फोन करा. गाडीतही बाळ छातीशीच ठेवायचं.

आपल्या महाराष्ट्रात हे काम गावातल्या बायकांनीच करून दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब राखणं हा त्या शिक्षणातला एक मोठा भाग होता. त्या गावांतले बालमृत्यू किती घटले ते १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी यायला हव्यात. त्यांच्याकडे थर्मामीटर आणि वजनकाटा असतो. आल्या नाहीत तर आपण बोलवा, लाजू नका, तो बाळाचा हक्क आहे.

शेक-शेगडीपासून लोकर लांब ठेवा. ॲक्रिलिक ठिणगीने वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. असे भाजलेले हात मी पाहिले आहेत. उन्हाळ्यात दुपटं वापरूच नका. आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याच्या घरात मोठ्या माणसाचा जीव घाबरा होतो. मान घामाने ओली, अंग लाल, म्हणजे बाळ जास्त गुंडाळलं आहे.

विणणारीनेही स्वतःकडे बघावं. चाळिशी लागली असेल तर चष्म्याशिवाय बसू नका, बल्बखाली वाकून विणल्याने मान धरते. अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर दिवसभर कांदा निवडून आलेल्या हाताला आणखी क्रोशा नको. दोन-तीन आठवडे हात थांबवा, तरी बधिरपणा राहिला तर दाखवा.

नवं दुपटं वापरण्याआधी कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन, खळखळून घ्या. पिळू नका, इस्त्री करू नका. दोरीवर टांगलं की वजनाने लोंबून लांब होतं, म्हणून बाजेवर कापड अंथरून त्यावर उन्हात पसरा. थंडी सरली की पूर्ण सुकवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पेटीत ठेवा. डांबरगोळ्या टाकू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका घटकाची कमतरता असते आणि डांबरगोळीचा वास लागलेलं पांघरूण घातलं की त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ झपाट्याने चढते. कुठल्या बाळात ही कमतरता आहे ते चेहऱ्यावरून कळत नाही. पेटीत आधीच डांबरगोळ्या असतील तर ते दुपटं दोनदा धुऊन, दोन दिवस उन्हात टाकून, वास पुरता गेल्यावरच बाळाजवळ आणा.