सोलापूर ते गोवा विमानाने : अंतर किती, वेळ किती?

साखर कारखान्याची चिमणी विमानाच्या वाटेत येत होती. ती जून २०२३ मध्ये पाडली गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सोलापूर विमानतळाचे उद्घाटन झाले. जून २०२५ मध्ये तेथून गोव्यातील मोपा विमानतळासाठी सेवा सुरू झाली. तेव्हापासून व्यापारी बंधू विचारतात, "विमान तासाभरात पोहोचवते, मग बसमध्ये रात्र कशाला काढायची?" सवाल रास्त आहे, पण हिशेब पुरा मांडला पाहिजे.

प्रथम अंतर पाहू. रस्त्याने सोलापूर ते पणजी चारशे किलोमीटरच्या घरात आहे. विमानाला घाट नाही, वळण नाही. त्याचे अंतर सरळ रेषेत मोजतात. ते सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे १६० सागरी मैलांच्या आसपास भरते. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो.

आता वेळ. या मार्गावर सुरू झालेले एटीआर हे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशेबाने ३६ मिनिटे पुरावीत. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, वेग कमी करून उतरणे यांत वेळ जातो. म्हणून वेळापत्रकात तासाहून थोडा जास्त वेळ धरतात. मार्ग जितका छोटा, तितका या वरकड वेळेचा हिस्सा मोठा.

त्यात बाकीची जोड करा. घरातून विमानतळ अर्धा तास, तेथे तपासणी व थांबणे दीड तास, उड्डाण सव्वा तास, सामान घेणे वीस मिनिटे, मोपाहून पणजी एक तास. एकूण साडेचार तासांच्या वर. मडगावला जायचे असेल तर आणखी वेळ लागेल, कारण मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला पेडणे तालुक्यात आहे.

बसला आठ ते दहा तास लागतात, पण ते रात्रीचे. दुकानाचा वेळ बुडत नाही आणि मुक्कामाचे भाडेही वाचते. विमान रोज नसेल किंवा परतीचे त्याच दिवशी नसेल, तर लॉजचा खर्च तिकिटात मिळवावा. छोट्या विमानतळावर एक फेरी रद्द झाली तर दुसरी लगेच मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मालाचे काय? विमानात टॉवेल-चादरीचे नमुने जातील, गाठी जाणार नाहीत. साध्या तिकिटावर बहुधा पंधरा किलोच सामान नेता येते. गाठी ट्रान्सपोर्टनेच पाठवाव्या लागतील.

कापडाचा भाव आपण नुसत्या सुतावर ठरवत नाही. विणाई, रंगाई, हमाली सारे धरतो. प्रवासाचेही तसेच. मोठा सौदा अडला असेल आणि त्याच दिवशी पोहोचणे जरूर असेल, तर विमानाचे पैसे वसूल होतात. नुसती उधारी वसूल करायची असेल तर रात्रीची बस बरी. तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवसाचे जाण्याचे आणि परतीचे, दोन्ही वेळापत्रक पाहून घ्यावे.