बारा एप्रिल : एक तारीख, पाच आठवणी

शाळेच्या दाराशी एक फळा असतो. त्यावर वर सुविचार आणि खाली 'आजचा दिनविशेष' लिहिण्याची पाळी कधी ना कधी प्रत्येकावर येतेच. बारा एप्रिलला मात्र परीक्षांची धांदल असते, उन्हाने जीव नकोसा झालेला असतो. मग 'युरी गागारिन अंतराळात गेला' एवढी एक ओळ खरडून फळ्याचे मानकरी मोकळे होतात. ओळ खरी आहे, पण ही तारीख एवढ्यावर भागणारी नाही. हिच्या पोटात युद्ध आहे, मृत्यू आहे, आणि घराघरांतल्या आयांनी सुटकेचा श्वास टाकला ती एक दुपारही आहे.

तोफ तिकडे, तेजी इकडे

१२ एप्रिल १८६१. पहाटेचे साडेचार. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन बंदरात सम्टर नावाच्या किल्ल्यावर बंडखोरांच्या तोफा धडाडल्या. गंमत अशी, की या भडिमारात शत्रूच्या गोळ्याने एकही माणूस मेला नाही. पण तिथून पेटलेले अमेरिकेचे यादवी युद्ध चार वर्षे चालले आणि त्यात सहा लाखांवर माणसे गेली.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध कापसाचा! इंग्लंडच्या गिरण्या बहुतांशी अमेरिकी कापसावर चालत. बंदरांची नाकेबंदी झाली, कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर वळली मुंबईकडे. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. मुंबईत पैसा इतका आला, की तो ठेवायचा कुठे हे कळेना. रोज नवी बँक, नवी कंपनी! बॅकबेचा समुद्र भरून काढणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे शेअर बाजाराचे राजे. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला.

१८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि इकडे सगळा डोलारा कोसळला. शेठ-सावकार बुडाले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली. दख्खनच्या शेतकऱ्याची कथा याहून वाईट. तेजीच्या दिवसांत सावकाराने त्याला हात सैल सोडून कर्ज दिले होते. भाव पडले तरी कर्ज होते तेवढेच राहिले, व्याज तेवढे वाढले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. चार्ल्सटनच्या तोफेचा आवाज सुप्याला पोचायला चौदा वर्षे लागली, एवढेच.

बटाट्याच्या शेतात उतरलेला पाहुणा

बरोबर शंभर वर्षांनी, १२ एप्रिल १९६१ रोजी, मॉस्कोच्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ७ मिनिटे झाली होती. आपल्याकडे साडेअकरा वाजून गेले होते, पोरे शाळेत आणि बायका चुलीपुढे असतील. त्या क्षणी बैकानूरहून 'वोस्तोक' यान उडाले. आत होता सत्तावीस वर्षांचा, जेमतेम पाच फूट दोन इंच उंचीचा युरी गागारिन. सुताराचा मुलगा. आई गोठ्यात दूध काढणारी. स्वतः ओतकामाच्या भट्टीवर काम शिकलेला.

त्याच्या घरी त्या वेळी दोन लेकी होत्या. मोठी दोन वर्षांची होत आलेली आणि धाकटी अवघ्या महिन्याची. निघण्याच्या दोन दिवस आधी त्याने पत्नी व्हॅलेंटिनाला एक पत्र लिहून ठेवले. यंत्रांवर माझा पूर्ण भरवसा आहे, पण सपाट रस्त्यावरही माणूस पडून मान मोडू शकतो, असे त्यात होते. मुलींना लाडावून न ठेवता माणसे बनव, असेही होते. तो सुखरूप परतला, म्हणून पत्र तसेच राहिले. सात वर्षांनी, २७ मार्च १९६८ ला, सरावाच्या साध्या विमानफेरीत तो गेला आणि मग ते पत्र तिच्या हाती आले.

यानाचा ताबा त्याच्याकडे नव्हता. वजनरहित अवस्थेत माणसाचे डोके ठिकाणावर राहील की नाही, अशी डॉक्टरांना धास्ती होती! म्हणून हाताने यान चालवण्याची कळ कुलूपबंद, आणि तिचा आकडा एका बंद लिफाफ्यात. वेळ आलीच तर शुद्धीवरचा माणूस लिफाफा फोडून आकडा वाचील, असा हिशेब. पण माणसाला माणसाची काळजी असतेच. उड्डाणाआधीच त्याच्या कानात तो आकडा सांगून टाकला होता : १२५.

परतीच्या वाटेवर यानाचा मागचा भाग सुटायला हवा होता, तो तारांच्या जुडग्याला अडकून राहिला. सुमारे दहा मिनिटे यान गरागरा फिरत होते. शेवटी उष्णतेने तारा जळल्या आणि सुटका झाली. जमिनीपासून सात किलोमीटरवर तो यानातून बाहेर फेकला गेला आणि स्वतंत्र हवाईछत्रीने उतरला. ही गोष्ट सोव्हिएत अधिकाऱ्यांनी बरीच वर्षे लपवून ठेवली. कारण विक्रम मान्य व्हायचा तर वैमानिकाने यानातूनच उतरले पाहिजे, असा नियम होता.

उतरला तो व्होल्गाकाठच्या सारातोव्ह भागातल्या शेतात. तिथे एक बाई आपल्या नातीसह बटाटे लावत होती. नारिंगी पोशाख आणि पांढरे शिरस्त्राण घातलेला प्राणी आभाळातून आलेला पाहून दोघी घाबरल्या, मागे सरकू लागल्या. 'अहो, मी आपलाच आहे,' असे त्याला ओरडून सांगावे लागले. जगाची प्रदक्षिणा १०८ मिनिटांत करून आलेल्या माणसाचे पहिले काम काय, तर एका आजीची समजूत घालणे! त्याच वर्षाच्या अखेरीस तो पत्नीसह भारतातही येऊन गेला आणि मुंबईकरांनी त्याला डोळे भरून पाहिले.

पुढे १९८१ मध्ये याच तारखेला अमेरिकेचे 'कोलंबिया' हे पहिले अंतराळ-विमान उडाले. हा निव्वळ योगायोग. उड्डाण ठरले होते दहा एप्रिलला, पण संगणकांचा आपापसांत मेळ बसेना म्हणून दोन दिवस लांबले. जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपन हे दोघे अशा वाहनात बसले, जे त्याआधी माणसाविना एकदाही अंतराळात गेले नव्हते. याच 'कोलंबिया'तून १९९७ मध्ये कर्नालची कल्पना चावला पहिल्यांदा अंतराळात गेली, आणि १ फेब्रुवारी २००३ ला परतताना याच यानाबरोबर, सहा सहकाऱ्यांसह, तीही गेली. घरी पोचायला सोळा मिनिटे उरली होती.

अर्धवट चित्र

आता मागे येऊ, कारण माझ्या मते या तारखेचा खरा जीव इथे आहे.

१२ एप्रिल १९४५, गुरुवार. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे खुर्चीत बसले होते. समोर एक चित्रकार बाई त्यांचे चित्र काढत होती. डोके फार दुखते आहे, असे ते म्हणाले आणि कोसळले. मेंदूतील रक्तस्राव. दुपारी सगळे संपले. चित्र अर्धेच राहिले, ते आजही तसेच जपलेले आहे. जर्मनीची शरणागती महिन्याभरावर आली होती, ती त्यांनी पाहिली नाही.

पण ते त्या गावी का जात? तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी. १९२१ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे पाय लुळे पडले होते. निदान झाले पोलिओचे. पुढे त्यांनीच १९३८ मध्ये या रोगाविरुद्ध संस्था उभारली. रेडिओवरून आवाहन झाले, आणि मुलाबाळांनी दहा-दहा सेंटची नाणी पाकिटात घालून थेट अध्यक्षांच्या पत्त्यावर पाठवली. टपालाच्या थैल्यांचे ढीग लागले. १९४६ मध्ये त्याच दहा सेंटच्या नाण्यावर रूझवेल्ट यांची छबी उमटली.

त्या नाण्यांतूनच जोनास साल्क यांची लस तयार झाली. १९५२ या एकाच वर्षी अमेरिकेत सुमारे ५८ हजार जणांना पोलिओ झाला होता. उन्हाळा आला, की आया मुलांना पोहायला पाठवत नसत, सिनेमाला नेत नसत. साल्क यांनी आधी स्वतःच्या तीन मुलांना लस टोचली. मग १९५४ मध्ये सुमारे अठरा लाख मुले चाचणीत सामील झाली. कोणाला लस, कोणाला नुसते पाणी, कोणावर फक्त देखरेख. परक्याच्या प्रयोगासाठी आपल्या पोराचा दंड पुढे करणाऱ्या त्या आईबापांची नावे कुठल्याच दिनविशेषात नाहीत.

निकाल जाहीर झाला तो १२ एप्रिल १९५५ ला, रूझवेल्ट यांच्या मृत्यूला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी. लस गुणकारी आणि सुरक्षित! चर्चच्या घंटा वाजल्या, दुकानांत लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. त्या संध्याकाळी एका मुलाखतीत साल्क यांना विचारले, या लसीचे पेटंट कोणाचे? लोकांचे, असे ते म्हणाले. आणि सूर्याचे पेटंट कधी कोणी घेते का, असा उलटा प्रश्न त्यांनी केला.

या आनंदाला दोन डागही आहेत, ते सांगायला हवेत. त्या दिवशीच्या भाषणात साल्क आपल्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांची नावे घ्यायला विसरले, किंवा त्यांनी ती घेतली नाहीत. ती माणसे हे कधी विसरली नाहीत. दुसरा डाग फार मोठा. काही आठवड्यांतच एका कंपनीच्या लसीत जिवंत विषाणू राहून गेल्याचे उघड झाले. सुमारे दोनशे जण लुळे पडले, दहा दगावले. लस बनवण्याच्या तपासण्या कडक झाल्या त्या यानंतर.

आपल्याकडे हा रोग फार काळ टिकला. १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. शाळेत, एस.टी. स्टँडवर, रेल्वे फलाटावर टेबल मांडून बसलेल्या ताई, निळा शीतडबा आणि बाळाच्या करंगळीवर शाईची खूण. तरी २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये एकच. हावड्याची दोन वर्षांची ती मुलगी शेवटची. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त ठरला. (तारखांचा खेळ बघा, गागारिन गेला तीही २७ मार्चच!)

तोंडात घालायचे ते थेंब साल्क यांचे नव्हेत, ते अल्बर्ट सेबिन यांचे. या दोघांचे आपसांत कधी जमले नाही. पण २०१५ च्या नोव्हेंबरपासून आपल्या लसीकरणात थेंबांच्या जोडीला सुईही आली. आता दीड महिन्याच्या बाळाला दोन थेंब पाजतात आणि दंडावर बारीकशी सुईही टोचतात. ती सुई साल्क यांच्या पद्धतीच्या लसीची. बाळ भोकाड पसरते, आई त्याला छातीशी धरते, आणि ताई कार्डावर पुढची तारीख लिहून देतात.